गुडघ्यातले वंगण खरेच संपते का?

फेब्रुवारी उजाडला की वसमत, कळमनुरी, औंढा भागात हळद काढणीची धांदल सुरू होते. पाला कापून झाला की कंद उकरून वर येतात आणि मग बायांचे काम सुरू होते. ढेकळांतून कंद वेचायचे, माती झटकायची, गड्ड्यापासून हळकुंडे मोडून वेगळी करायची. ‘वसमत हळद’ म्हणून २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पिकाचा मोठा भाग असा हातांनी आणि उकिडव्या बसलेल्या पायांनी तयार होतो. सकाळपासून बसलेली बाई दुपारी भाकरीसाठी उठते तेव्हा आधी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवते, मग कंबर उचलते आणि पहिली चार पावले लंगडतच टाकते. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘‘गुडघ्यातले वंगण संपले.’’

हा शब्द बैलगाडीतून आला. आसाला वंगण नसले की चाक कुरकुरते, झिजते. त्यामुळे पुढचा विचारही गाडीसारखाच होतो. गाडी जितकी कमी पळवावी तितकी जास्त टिकते, म्हणून गुडघाही कमी वापरावा. दुखायला लागले की चालणे बंद, जिना बंद, दिवसभर बाजेवर. हा सल्ला घराघरात दिला जातो आणि गुडघ्याचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. गुडघा गाडीच्या आसासारखा का नाही, हे समजून घेतले तर काय टाळायचे आणि काय करायचे हे आपोआप कळते.

वंगण किती आणि कुठे?

निरोगी गुडघ्यात सांध्यातला द्रव असतोच मुळी थोडा, जेमतेम अर्धा-एक चमचा. तो अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा चिकट आणि पारदर्शक असतो. सांध्याच्या पिशवीचे आतले अस्तर तो सतत तयार करते आणि जुना शोषून घेते. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यात डॉक्टर सुई घालतात तेव्हा मात्र कित्येक चमचे पाणी निघते. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यातला द्रव संपलेला नसतो, बऱ्याचदा तो वाढलेला असतो. बिघडते ती त्याची प्रत. तो पातळ होतो आणि त्याचा चिकटपणा घटतो.

खरी झीज होते ती कूर्चेची. हाडांच्या टोकांवर पांढरी, गुळगुळीत, काही मिलिमीटर जाडीची गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. तिच्यावरून हाड सरकते तेव्हा होणारे घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होते त्यापेक्षाही कमी असते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते, तीच कूर्चेची जागा. ‘‘गुडघ्यात गॅप पडली’’ असे लोक सांगतात, पण प्रत्यक्षात उलटे असते. कूर्चा झिजल्यावर ही फट कमी होते.

कूर्चेची एक गोष्ट शरीरातल्या बहुतेक भागांहून वेगळी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कोण देते? तो चमचाभर द्रव. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातले पाणी बाहेर पडते. पाऊल उचलले की ती फुगते आणि ताजा द्रव आत घेते. पाण्यात बुडवून दाबलेल्या-सोडलेल्या स्पंजासारखे हे चालते. दाब आणि सैलपणा आळीपाळीने मिळाला तर कूर्चा जगते. नुसता दाब मिळाला तर तिची उपासमार होते आणि अजिबात दाब मिळाला नाही तरीही होते. बाजेवर पडून राहणे आणि तासन्तास उकिडवे बसणे या दोन टोकाच्या गोष्टी, पण कूर्चेच्या पोटावर दोन्ही सारखाच पाय देतात.

तीन सांधे, एक काम

पायाचे तीन मोठे सांधे म्हणजे खुबा, गुडघा आणि घोटा. तिघांची घडण वेगळी आहे, पण काम वाटून घेतलेले आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल डोका कमरेच्या हाडातल्या खोल खळग्यात बसतो. त्यामुळे पाय पुढे, मागे, बाजूला आणि गोल असा सगळीकडे फिरतो. तरीही तो सहजी निखळत नाही, कारण त्याच्या समोरचा बंध हा शरीरातला सर्वांत बळकट बंध मानला जातो. आपण चालताना दर पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी धड दुसऱ्या बाजूला कलू पाहते आणि खुब्याच्या बाहेरचे स्नायू त्याला ओढून धरतात. तराजूची एक दांडी लांब आणि एक आखूड असली की आखूड बाजूला जास्त वजन लागते, तसा या स्नायूंना शरीराच्या वजनाहून जास्त जोर लावावा लागतो. वजन आणि स्नायूंची ओढ असा दोन्हींचा भार खुब्याच्या सांध्यावर येतो. म्हणूनच काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. त्यामुळे खुब्याच्या स्नायूंवरचा ताण हलका होतो. बहुतेक जण नेमके उलट करतात.

गुडघा वरून बिजागरीसारखा दिसतो, पण तो साधी बिजागरी नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. सपाट पाटावर दोन लिंबे ठेवावीत तशी ही रचना. ती घसरू नये म्हणून मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या, आत एकमेकांना ओलांडणारे दोन बंध आणि दोन्ही बाजूंना एकेक बंध असतो. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या क्षणी नडगी किंचित बाहेर वळते आणि गुडघ्याला जणू खिटी बसते. त्यामुळेच मांडीचे स्नायू फारसे न थकवता आपण बराच वेळ उभे राहू शकतो. गुडघा वाकवायचा असेल तर आधी मागचा एक छोटा स्नायू ही खिटी काढतो. समोरची वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूला चांगला आधार देते. ती कप्पीसारखी स्नायूची ओढ हाडापासून थोडी लांब धरते, त्यामुळे कमी जोरात पाय सरळ होतो.

घोटा म्हणजे नडगीचे हाड आणि तिच्या शेजारचे बारीक हाड यांनी केलेल्या खाचेत बसलेले पावलातले एक हाड. हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर ओढले की ते खाचेत घट्ट बसते, पाऊल खाली झुकले की थोडे सैल होते. उतारावर पाय मुरगळण्याचे हे एक कारण. या हाडाच्या खाली आणखी एक सांधा आहे, तो पावलाला आतबाहेर कलू देतो. सरी-वरंब्यावरून, ढेकळांतून चालताना तोल सांभाळला जातो तो या सांध्यामुळे. एका पावलात २६ हाडे असतात आणि तीसहून अधिक सांधे.

या तिघांत गुडघा मधला आहे. खुब्याचे स्नायू अशक्त झाले तर मांडी आत झुकते आणि गुडघा वाकडा दाबला जातो. घोटा आखडला तर बसताना टाच टेकत नाही, भार पुढे येतो आणि वाटीवर पडतो. चूक वरच्याची किंवा खालच्याची, दुखते मात्र मधल्याला. कधी कधी तर खुब्याचा आजार गुडघ्यात दुखतो, कारण दोघांना जोडणारी नस एकच असते. लहान मूल लंगडत असेल आणि बोट गुडघ्याकडे दाखवत असेल, तरी डॉक्टर आधी त्याचा खुबा तपासतात ते याचसाठी.

एका पावलाचा भार

गुडघ्यावर नेमका किती भार येतो, हे आज मोजता येते. बर्लिनमधील चॅरिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांत भार मोजणारी यंत्रणा ठेवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत पाच रुग्णांची सरासरी अशी निघाली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळपास ३.५ पट. ६० किलो वजनाच्या बाईच्या गुडघ्यावर साध्या एका पावलाला दीडशे किलोहून जास्त भार पडतो, असा याचा अर्थ. उतरताना त्रास जास्त का होतो, याचेही उत्तर त्यात आहे.

वाटीचा हिशेब वेगळा. सपाट चालताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या निम्माच दाब येतो, पण पूर्ण उकिडवे बसण्या-उठण्यात तो सात-आठ पटींपर्यंत जातो असे मानले जाते. चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकावा लागतो, खुर्चीवर बसायला ९० ते १००, उकिडवे बसायला १३० अंशांच्या पुढे. हळदीच्या शेतातली बाई दिवसभर या शेवटच्या कोनात असते, तेही न हलता.

याचा परिणाम काय होतो, हे चीनमधल्या अभ्यासाने दाखवले. बीजिंगमधल्या वयस्कर स्त्रियांच्या गुडघ्यांची अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या स्त्रियांशी तुलना केली गेली. बीजिंगमध्ये गुडघ्याची झीज जवळपास दीडपट आढळली, खुब्याची झीज मात्र अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी. तरुणपणी दिवसाला तीन तासांहून जास्त उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज होण्याचा धोका अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होता. आपल्याकडेही चित्र असेच आहे. खुबा झिजलेले रुग्ण कमी, गुडघा झिजलेले पुष्कळ.

महाराष्ट्रातल्या खेड्यांमधला हा त्रास मोजण्याचे काम पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत त्यांच्या पथकाने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. साखर किंवा रक्तदाबासारखा हा आजार जीव घेत नाही, म्हणून तो मोजला जात नव्हता. पण ज्या घरात मजुरीवर चूल पेटते, तिथे गुडघा बसला की रोज बसतो.

उकिडवे बसू नये का?

उकिडवे बसणे हा गुन्हा नाही. थोड्या वेळासाठी पूर्ण वाकणारा गुडघा, टेकणारी टाच आणि मोकळा खुबा ही चांगल्या सांध्यांची खूण आहे. प्रश्न सलग बसण्याचा आणि अशक्त स्नायूंचा आहे. म्हणून उपाय तीन पातळ्यांवर करावे लागतात.

पहिला उपाय कामाच्या पद्धतीत. कंद मोडायला, निवडायला वीतभर उंचीचा पाट किंवा पालथे घमेले बुडाखाली घेतले तरी गुडघ्याचा कोन आणि वाटीवरचा दाब कमी होतो. शक्य असेल तिथे माल बाजेवर किंवा टेबलाच्या उंचीवर घेऊन उभ्याने निवडावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पन्नास पावले चालावे. मुकादमाला हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण स्पंज दाबून-सोडून ताजा होतो तो याच पन्नास पावलांत. दुखत असेल तर घरी कमोडची खुर्ची वापरण्यात लाज नाही.

दुसरा उपाय स्नायूंचा. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा धक्काशोषक. दुखते म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून हा स्नायू वाळतो आणि वाळला की सगळा भार थेट कूर्चेवर येतो. हे चक्र तोडायला औषध लागत नाही. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती खाली दाबावी आणि दहापर्यंत मोजावे. बाजेवर बसून पाय सरळ करून पाच अंकांपर्यंत धरावा. कुशीवर पडून वरचा पाय वीतभर उचलावा, त्याने खुब्याचे स्नायू सुधारतात. भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली कराव्यात, त्याने पोटरी आणि घोटा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नेमके तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते, पण दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर प्रमाण कमी करावे.

तिसरा उपाय वजनाचा. वजन एक किलो घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळले. पाच किलो कमी झाले तर वीस किलोंचे ओझे दर पावलाला उतरले.

पुडी, हळद आणि इंजेक्शन

आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत आराम पडतो आणि गुणाची ख्याती पसरते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघड झाले आहेत. स्टेरॉइडने सूज उतरते, पण महिनोन्‌महिने घेतले तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाही बंद पडू शकतो. गुडघ्यासाठी घेतलेली पुडी खुबा घालवते ती अशी. दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येते.

हळदीच्या जिल्ह्यात हळदीबद्दल विचारले जाणारच. हळदीतल्या करक्युमिनने गुडघ्याचे दुखणे काही प्रमाणात कमी होते, असे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. पण वाळलेल्या हळदीत ते साधारण तीन ते पाच टक्केच असते आणि आतड्यातून फार थोडे शोषले जाते. दुधातल्या चमचाभर हळदीने कूर्चा पुन्हा उगवत नाही. ‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणून जे दिले जाते त्याने काहींना काही महिने आराम पडतो, पण झीज भरून येत नाही.

झीज टोकाला गेली, रात्रीची झोप मोडू लागली, पाय धनुष्यासारखा वाकला, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा चांगला मार्ग आहे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती घराघरात चर्चेचा विषय झाली. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांची हाडे आणि बसण्याच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा घडवला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची किंमत कर वगळून ५४ हजार ७२० रुपये ठरली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार शंभरातले सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. मात्र शस्त्रक्रियेनंतरही मांडीचा स्नायू स्वतःच कमवावा लागतो आणि उकिडवे बसून काम करणे बहुतेकांना टाळावेच लागते.

काही खुणांना मात्र वाट पाहू नये. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, मार लागून पाय टेकवत नाही, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नाही, किंवा सकाळी तासभर दोन्ही हातांची बोटे आखडून राहतात, यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. शेवटची खूण बहुधा झिजेची नसते, आमवाताची असते आणि त्याचे उपचार वेगळे.

आषाढीच्या आधी नर्सी नामदेवहून पालखी निघते. शेगावची गजानन महाराजांची पालखीही सेनगाव, औंढा मार्गे परभणीकडे जाते. या वाटेवर सत्तरी ओलांडलेले कितीतरी वारकरी दिसतात. त्यांच्या गुडघ्यांत जास्त वंगण नसते. ते वर्षभर चालतात, रानात आणि गावात. ज्यांना यंदा पहिल्यांदा जायचे आहे त्यांनी दोन महिने आधी रोज अर्धा तास चालण्यापासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडे अंतर वाढवावे. आणि हळदीच्या वाफ्यात बसलेल्या बाईने पुढच्या हंगामात बुडाखाली एक पाट तेवढा न्यावा.